चार्जर कोणत्या फेजवर?

सोसायटीत गाडीच्या चार्जरसाठी अर्ज आला की कमिटी मंजूर भार पाहते आणि तो पुरेसा दिसला की परवानगी देते. माझा आक्षेप या हिशेबालाच आहे. मंजूर भार ही तिन्ही फेजची बेरीज. तापते मात्र एकेक वायर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या घरच्या चार्जरवर सिंगल फेजच घेतात, साधारण 7.2 किलोवॉटपर्यंत, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 31 अँपिअर. असे तीन चार्जर आर, वाय, बी असे वाटले तर त्यांचा न्यूट्रलमधला प्रवाह जवळजवळ शून्य होतो. तिन्ही आर फेजवर जोडले तर आरमधून 94 अँपिअर आणि न्यूट्रलमधूनही तेवढेच. अनेक इमारतींत साडेतीन कोअरची केबल असते आणि त्यातला अर्धा कोअर म्हणजेच न्यूट्रल: फेजला 50 चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम, तर न्यूट्रलला 25. शंभर अँपिअरचा तीन पोलचा ब्रेकर फक्त फेजवर पहारा देतो. त्यामुळे तो पडत नाही आणि न्यूट्रलचा जोड रात्रभर तापत राहतो. तो सुटला तर हलक्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज 400 च्या दिशेने चढू शकते. मग फ्रिज जळतो तो ज्यांच्याकडे विजेवरची गाडीच नाही अशांचा, आणि मला हे फार अन्यायाचे वाटते.

सगळे एकाच वेळी थोडेच चार्जिंग लावतात, असे यावर म्हटले जाते. गिझरच्या बाबतीत ते खरे आहे. तो पाणी तापले की थांबतो. गाडी मात्र कित्येक तास पूर्ण भाराने चालते आणि बहुतेकांच्या गाड्या रात्रीच लागतात. दुसरे उत्तर असते, थ्री फेज चार्जरच बसवू. पण सिंगल फेजची गाडी त्या चार्जरची पहिली फेजच वापरते, आणि प्रत्येक चार्जरला पहिली म्हणून आरच जोडली असेल तर दुखणे तसेच राहते. म्हणून पहिल्याला आर-वाय-बी, दुसऱ्याला वाय-बी-आर, तिसऱ्याला बी-आर-वाय असा क्रम फिरवून घ्यावा आणि तो चार्जरवर लिहून ठेवावा. जोडणी करतानाच सांगितले तर याला जादा खर्च नाही. भार आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा असेल तर तिलाही हा क्रम कळवावा लागतो, नाहीतर ती भलत्याच फेजचा भार कमी करील. शिवाय रात्री गाड्या लागलेल्या असताना इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजून घ्यावेत. ते चार आकडे इतिवृत्तात नोंदवा. पुढच्या अर्जाला कोणती फेज द्यायची ते त्यांवरूनच ठरेल.