शांतता मोहिमेत जायचंय? सुरुवात आपल्या तालुक्यातून

संयुक्त राष्ट्रांची शांतता मोहीम म्हटली की निळ्या टोपीतला सैनिक डोळ्यांपुढे येतो. मात्र बहुतेक मोठ्या मोहिमांचा प्रमुख मुलकी माणूस असतो, सरचिटणीसांचा विशेष प्रतिनिधी. भांडणाऱ्या पक्षांना बोलतं ठेवणं हे त्याचं मुख्य काम. २००६ ते २००९ या काळात तिमोर-लेस्तेतली मोहीम अतुल खरे यांनी सांभाळली. ते आधी एमबीबीएस झाले, मग परराष्ट्र सेवेत गेले. नीटच्या शिकवण्यांनी गजबजलेल्या लातुरात हे मुद्दाम सांगायला हवं.

या कामाची तयारी घरबसल्या सुरू होते, आणि त्यासाठी १९४८ सालाइतका चांगला धडा दुसरा नाही. हैदराबाद संस्थान भारतात सामील होण्याचा प्रश्न निजामाने सुरक्षा परिषदेत नेला होता. १६ सप्टेंबरला तिथे चर्चा सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड मग अनेक गावांत सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेलं पंडित सुंदरलाल यांचं सदिच्छा मंडळ वर्षअखेरीस संस्थानात फिरलं. त्याच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच. अहवाल कित्येक दशकं दप्तरात पडून राहिला, आज तो वाचता येतो.

तो वाचा आणि दोन पानी टिपण लिहा: कोणाला काय हवं होतं, कोण कशाला घाबरत होतं, कोणाचा शब्द गावात चालत होता. मग गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना भेटा. दोन्ही समाजांतल्या घरी जा, एकाच घरून परतू नका. 'घडलं', 'सांगतात' आणि 'मला वाटतं' हे तीन रकाने वेगळे ठेवा. मोहिमेतल्या राजकीय अधिकाऱ्याचं रोजचं लेखन जवळपास हेच असतं, आणि बहुतेक जण तिसरा रकाना पहिल्यात मिसळून फसतात.

गणपती-ईदच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. परवानगी काढून तिथे बसा. भाषणं ऐकाच, पण गप्प कोण बसलंय, चहा झाल्यावर कोपऱ्यात कोण कोणाशी बोलतंय, हेही टिपा. खरी तडजोड बहुधा तिथेच होते.

कागदपत्रांची बाजू सोपी, फक्त वेळखाऊ. राज्यशास्त्र, कायदा किंवा इतिहासात पदव्युत्तर पदवी घ्या. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहेच. इंग्रजीबरोबर फ्रेंच शिका, कारण काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात तिच्यावाचून अडतं. मोहिमेतल्या राजकीय अधिकारीपदाला साधारणपणे पदव्युत्तर पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव मागतात. तो मिळवायला संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक योजना हे चांगलं दार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तरुण व्यावसायिक परीक्षेला वयाची अट बत्तीसची. तीत सहभागी देशांची यादी दरवर्षी बदलते, म्हणून अभ्यासाआधी यादी बघा. अगदी वरची पदं मात्र देशोदेशींच्या सरकारांच्या पाठबळावर ठरतात. तिथवर पोचायचं तर यूपीएससीतून परराष्ट्र सेवा हा जास्त पक्का रस्ता.

मोहिमा कमी होत चालल्यात, मालीतली २०२३ अखेर बंद झाली. त्यामुळे वकिली, पत्रकारिता किंवा प्राध्यापकी हाताशी असू द्या. आणि संयुक्त राष्ट्रं भरतीसाठी कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत; 'जागा पक्की करतो' म्हणत कोणी फी मागितली, तर थेट सायबर पोलिसांकडे जा.