पहिला पक्षी वहीत कसा लिहावा?



आपल्या वर्गाच्या पक्ष्यांच्या वहीवरून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी केवढे भांडण झाले, ते तुम्हांला आठवत असेलच. वहीत एका मुलाने लिहिले होते, "लालखांद्या बुधवारी आला." त्याच्यापुढे दुसऱ्या कुणीतरी पेन्सिलीने लिहिले, "खोटं!" पहिल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. तास संपत आला होता, म्हणून बाईंनी वही मिटली आणि निवाड्याचे काम आम्हा पालकांवर सोपवले. आम्ही म्हणजे मुलांना ग्रेट स्वॅम्पला घेऊन जाणारी तीन घरे. आमच्यातले बहुतेक जण संगणकावर पोट भरणारे, त्यामुळे नोंद चुकली की पुढे काय काय चुकते, याचा अनुभव आमच्या गाठीशी भरपूर आहे. तेव्हा हा आमचा निवाडा. आजचा मराठीचा धडाही तोच समजा.

आधी लालखांद्या कोण, ते नव्या मुलांसाठी सांगतो. हा इथला पक्षी, त्याला मराठी नाव नाही. मग वर्गानेच लालबुड्या बुलबुलाच्या चालीवर त्याचे बारसे केले. नर काळाकुळकुळीत, खांद्यावर लाल पट्टा आणि त्याखाली पिवळी किनार, जणू फौजदाराची फीतच. मादी मात्र तपकिरी, अंगभर रेघा असलेली. घाईत पाहिली तर मोठी चिमणीच वाटेल. हिवाळ्यात हे पक्षी बहुतेक दक्षिणेकडच्या राज्यांत असतात. फेब्रुवारी सरता सरता नर न्यू जर्सीच्या दलदलींत परततात आणि पाणकणसाच्या वाळक्या दांड्यावर बसून ओरडू लागतात. माद्या येतात दोन-तीन आठवड्यांनी. तोवर नरांनी जागा वाटून घेतलेल्या असतात, आणि त्या वाटणीत खांद्यावरचा लाल रंग फार कामाचा असतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी काही नरांचे खांदे काळे रंगवून पाहिले, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ जणांना आपली जागा राखता आली नाही.

पण हाच लाल रंग त्याला झाकताही येतो. निवांत बसला असला किंवा दुसऱ्याच्या हद्दीतून चालला असला, की तो लाल पिसे मिटून घेतो. मग नुसती पिवळी कड दिसते, कधी तीही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, निवाड्याच्या वेळी लागेल.

आता मराठी. इंग्रजीत 'पाहणे' आणि 'दिसणे' या दोन्हींचे काम बहुतेक वेळा एकाच क्रियापदावर भागते. आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदे आहेत. 'मी पक्षी पाहिला' म्हणजे मी डोळे लावून बसलो होतो, पाहण्याचे काम माझे. 'मला पक्षी दिसला' म्हणजे तो दृष्टीस पडला, मी काही केले नाही. कानांचेही तसेच आहे. 'मी त्याचा आवाज ऐकला' आणि 'मला त्याचा आवाज ऐकू आला' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. आणि लिंग सांभाळा: नर दिसला, मादी दिसली, पाखरू दिसले.

'आला' हे क्रियापद मात्र या सगळ्यांपेक्षा जोखमीचे. 'दिसला' यात तुम्ही स्वतःबद्दल सांगता, 'आला' म्हणताना पक्ष्याबद्दल सांगता. त्या रविवारी आमची धाकटी म्हणाली, "काका, पण तो आधीच आला असेल ना? आपणच उशिरा आलो." तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. शिवाय न्यू जर्सीच्या दक्षिण भागात काही लालखांदे थंडीभर राहतात. म्हणजे दिसलेला पक्षी हजार मैलांवरून आलेला असेल किंवा जवळच्याच खाडीवरून सरकलेला असेल. नुसत्या दिसण्यावरून ते कळत नाही. अशा वेळी मराठीत 'असावा' हा फार उपयोगी शब्द आहे. 'आला असावा' म्हणजे माझ्याजवळ काही आधार आहे, पण खात्री नाही. 'आला असेल' म्हणजे आधार त्याहून कमी.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला काढायचा? म्हणून एक हकिगत सांगतो. वेल्स कुक नावाच्या अमेरिकन शिक्षकाने १८८१ साली मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या लोकांना पत्रे घालून विचारायला सुरुवात केली, की वसंतात तुमच्या गावी कोणता पक्षी कधी पहिल्यांदा दिसला ते कळवा. पुढे हे काम देशभर पसरले आणि सरकारच्या पक्षी विभागाकडे गेले. १९७० पर्यंत साध्या पक्षीनिरीक्षकांनी हाताने लिहिलेली सुमारे ६० लाख कार्डे जमली. नंतर ती मेरीलँडमध्ये कपाटांत पडून होती. हवामान बदलते आहे, तसे पक्षी लवकर येऊ लागले आहेत का, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा या कार्डांची आठवण झाली, आणि २००९ पासून लोकांनी घरबसल्या ती संगणकात उतरवायला घेतली. कार्ड लिहिणाऱ्याला पुढे कोण वाचणार आणि कशासाठी, याची काय कल्पना असणार! आमच्या धंद्यात याला जुना डेटा म्हणतात आणि त्यावर रोज नाक मुरडतात.

अशा नोंदींत एक गमतीची खोट असते. पहिले पक्षी शनिवार-रविवारी फार दिसतात. पक्ष्यांना रविवार कळत नाही, सुट्टी माणसांना असते. आम्ही आपली वही चाळली. तीन वर्षांत लालखांद्याची पहिली नोंद तिन्ही वेळा रविवारचीच आहे, कारण आपण दलदलीवर जातो रविवारी, वर्ग सुटल्यावर. म्हणजे वहीत लिहिले आहे 'पहिला दिसला', पण खरा अर्थ 'आम्हांला सवड झाली' एवढाच. यावर उपाय एकच. जाऊन आलो आणि दिसला नाही, तर 'दिसला नाही' अशी ओळ लिहायची. १० तारखेला दिसला नाही आणि १७ ला दिसला, तर या दोन ओळी मिळून काही सांगतात. नुसती १७ तारीख फारसे काही सांगत नाही. पण 'दिसला नाही' लिहायला कुणालाच आवडत नाही. गेल्या वर्षी तशी एकही ओळ नाही, आणि दोष आमचाच. थंडीत कुडकुडत परतल्यावर आम्ही सगळे थेट चहाकडे वळलो.

पक्ष्यांना निघायची वेळ कशी कळते, हे काही जणांनी विचारले होते. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातले विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. जंको हे राखाडी रंगाचे छोटे पक्षी त्यांनी पिंजऱ्यांत, बाहेरच्या कडाक्याच्या थंडीतच ठेवले, आणि संध्याकाळी दिवा लावून त्यांचा 'दिवस' रोज थोडा थोडा वाढवत नेला. ऐन हिवाळ्यात त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंतातले बदल सुरू झाले. म्हणजे ऊब नसली तरी वाढत्या उजेडावरून शरीर ऋतू ओळखते. आपल्याकडे २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस साधारण सव्वानऊ तासांचा असतो, फेब्रुवारीच्या अखेरीस तो सव्वाअकरा तासांवर येतो, आणि त्या दिवसांत रोज अडीच मिनिटांहून थोडा जास्त वाढतो. मुंबईत सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा. त्यामुळे इथे येईपर्यंत आम्हा मोठ्यांचे या गोष्टीकडे कधी लक्षच गेले नव्हते. उजेड ऋतू सांगतो. नेमके कोणत्या दिवशी उडायचे ते मात्र वारा, बर्फ आणि खाणे यांवर ठरते. दोन दिवस दक्षिणेचा वारा सुटला की दुर्बीण दाराशी ठेवा.

आजीआजोबांना या वर्षी फोनवर एक प्रश्न विचारा. लालखांद्या इथे येतो, साधारण त्याच महिन्या-दोन महिन्यांत महाराष्ट्रातून थंडीचे पाहुणे परत निघतात. पाण्याकाठी शेपटी हलवत फिरणारा पांढरा धोबी मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला जातो. माळभिंगरीही तारांवरून नाहीशी होते. त्यांना विचारा, "धोबी शेवटचा कधी दिसला?" उत्तर मिळणे कठीण. पहिला दिसतो तेव्हा तो पहिला आहे हे कळते. शेवटचा दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे कळत नाही. आपल्या अंगणातले जंकोही एप्रिलमध्ये असेच जातील. म्हणून ते दिसतील त्या प्रत्येक दिवशी लिहा. माळभिंगरी मात्र एप्रिलमध्ये इथेही दिसेल. जात तीच, पण इथली दक्षिण अमेरिकेतून येते आणि महाराष्ट्रातली आशियाच्या उत्तरेकडे जाते. दोघींना एकच मराठी नाव चालते.

आता निवाडा. बुधवारच्या मुलाला आम्ही शांतपणे विचारले, "तुला नक्की काय दिसलं?" तो म्हणाला, "शाळेच्या बसमधून. तळ्याजवळ. काळा पक्षी, पाणकणसावर बसलेला." लाल खांदा? "नाही दिसला. बस पुढे गेली." काळी साळुंकीसारखी स्टार्लिंगही काळीच दिसते, तेव्हा ती असू शकेल. पण स्टार्लिंग गवतावर आणि पार्किंग लॉटमध्ये जास्त, पाणकणसाच्या दांड्यावर कमी. आणि लाल रंग झाकता येतो, हे वर सांगितलेच आहे. 'खोटं' हा शब्द इथे मुळीच बसत नव्हता. जास्तीत जास्त क्रियापद चुकले होते.

यापुढे वहीत पाच रकाने राहतील: तारीख आणि वेळ, जागा, किती वेळ पाहत होतो, काय दिसले किंवा ऐकू आले, आणि त्यावरून काय वाटते. 'आला' हा शब्द शेवटच्या रकान्यातच लिहायचा. मादीची वाट पाहणे चालू आहे; मार्चच्या पहिल्या दोन रविवारी 'दिसली नाही' अशी नोंद रीतसर झाली आहे.

पेन्सिलीचा तो शब्द कुणीतरी खोडला आहे. कुणी, ते आम्ही विचारले नाही. आणि बुधवारची ओळ त्या मुलाने स्वतःच नव्याने लिहिली आहे: "बसमधून, तळ्याजवळ, पाणकणसावर काळा पक्षी दिसला. खांदा दिसला नाही. लालखांद्या असावा."