बोंडातील चोर

सोयगाव हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव होय. येथील काळ्या जमिनीत कपाशी चांगली पिकते. झाडाला लागलेले बोंड बाहेरून हिरवेगार व निर्दोष दिसते. परंतु ते फोडले असता कधी कधी आत एक अळी सरकी खात बसलेली आढळते. लहानपणी ती पांढरी असते, वाढल्यावर अंगावर गुलाबी छटा चढते. हीच गुलाबी बोंडअळी. ती एका पतंगाची बाल्यावस्था होय.

या पतंगाचा वर्ग कीटकांचा, गण खवलेपंखी, कुल गेलेकिइडी आणि प्रजाती पेक्टिनोफोरा. भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे १९१७ साली बस्क या शास्त्रज्ञाने त्याची स्वतंत्र प्रजाती मानली. पेक्टिनोफोरा म्हणजे 'फणी धारण करणारा'. पतंगाच्या डोक्यावर दोन शृंगिका असतात. त्यांच्या बुडाशी ताठ केसांची रांग असते. भिंगातून पाहिल्यास ती फणीच्या दातांसारखी दिसते.

पसरलेल्या पंखांसह हा पतंग जेमतेम दीड ते दोन सेंटिमीटर भरतो. पुढचे पंख तपकिरी असून त्यांवर काळपट ठिपके असतात. मागचे पंख रुपेरी करडे, टोकाशी निमुळते व लांब केसांच्या झालरीचे असतात. दिवसा तो दडून बसतो व रात्री उडतो.

कपाशीवर आणखी दोन बोंडअळ्या येतात. हिरव्या बोंडअळीचा पतंग हेलिकोव्हर्पा प्रजातीचा. तो आकाराने दुप्पट असतो. ठिपक्याच्या बोंडअळीचा पतंग इअरियस प्रजातीचा; त्याच्या पुढच्या पंखांवर हिरवा रंग असतो.

हा भेद शेतकऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. शेतात टांगलेल्या कामगंध सापळ्यात मादीच्या गंधासारखा गंध ठेवतात व त्याला भुलून नर आत येतात. प्रत्येक जातीचा गंध निराळा असतो. हेलिकोव्हर्पाचा गंध ठेवल्यास गुलाबी बोंडअळीचे पतंग त्याकडे फिरकत नाहीत. सापळा रिकामा पाहून शेतकरी निश्चिंत राहतो आणि बोंडे आतून पोखरली जातात. योग्य सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात.

२०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातील कपाशीची मोठी हानी केली. वेचणी संपल्यावरही ती सरकीत व वाळलेल्या बोंडांत सुप्त राहते. म्हणून पऱ्हाट्या शेतात फार दिवस उभ्या ठेवू नयेत. चोराचे घर मोडले, की पुढच्या वर्षीचे पीक पुष्कळ अंशी वाचते.