नियम कोणाच्या फायद्याचा? : ऊसपट्ट्यातील एक अभ्यासपाठ

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात साखर कारखाना आणि निवडणूक यांना वेगळे करता येत नाही, हे आपण सर्वजण जाणतो. एखादा निर्णय अंगावर आला की आपण म्हणतो, "पुढारी वाईट निघाला." या पाठात आपण निराळा प्रश्न विचारू. त्या खुर्चीवर सज्जन माणूस बसला असता, तर नियमाने त्यालाही तोच मोह घातला असता का?

अर्थशास्त्रज्ञ जेम्स बुकॅनन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे. बाजारात स्वतःचे हित पाहणारा माणूस मंत्री, अधिकारी किंवा मतदार झाला म्हणून बदलत नाही. जॉर्ज स्टिगलर यांनी १९७१ साली पुढचे पाऊल टाकले. ज्या धंद्यावर सरकार बंधने घालते, तो धंदाच पुष्कळदा ती बंधने मागून घेतो. कारण त्यामुळे नवा स्पर्धक दाराबाहेर राहतो.

आता आपल्या शिवारात येऊ. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्याचे वजन व साखर घटते. म्हणून तो फार लांब नेता येत नाही. त्यातच १९८४ च्या आदेशाने महाराष्ट्रात प्रत्येक कारखान्याला गावे नेमून देण्यात आली. हीच झोनबंदी. कर्ज काढून उभारलेल्या कारखान्याला ऊस मिळालाच पाहिजे, हे त्यामागचे कारण खोटे नव्हते. परंतु त्या वेळी मुख्यमंत्री असलेले वसंतदादा पाटील स्वतः सांगलीच्या कारखान्याचे संस्थापक होते. यात कोणावर आरोप नाही. नियम करणारे आणि नियमाखालचे किती जवळ होते, एवढेच ध्यानात घ्यावे.

परिणाम काय झाला? शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक उरले नाही. कोणाच्या उसाला आधी तोड द्यायची, हे ज्याच्या हाती, त्याला मते मागताना वेगळे काही सांगावे लागत नाही. नव्वदच्या दशकात झोनबंदी उठली, पण अंतराची अट आली. केंद्राने २००६ साली दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतर ठरवले, महाराष्ट्राने ते २५ केले. २०१२ साली रंगराजन समितीने ही अट काढण्याची शिफारस केली.

अशा अटी टिकतात कशा? लाभ मोजक्यांना आणि मोठा असतो, म्हणून ते मुंबईपर्यंत पाठपुरावा करतात. तोटा हजारोंत वाटला जातो; एकट्याने भांडणे कोणालाच परवडत नाही. उसाचे पैसे १४ दिवसांत न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असा नियम आहे. पण ते व्याज मागून तोडीच्या वेळी वाईटपणा कोण घेणार? आणि ज्याच्याकडे उसाची जमीनच नाही, तो ऊस उत्पादक सभासद होऊ शकत नाही. आपल्यातील भूमिहीन कुटुंबे व तोडणी कामगार या हिशेबात कोठेच धरले जात नाहीत.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथात त्यांनी चलनाचे प्रमाण सरकारच्या मर्जीवर सोडण्यास विरोध केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला. दोन्हींतून एकच बोध मिळतो : माणसाच्या चांगुलपणावर विसंबू नका, सत्तेला मर्यादा घाला.

विद्यार्थी मित्रांनो, कोणताही नियम वाचताना तीन प्रश्न विचारा. लाभ कोणाला? भार कोणावर? आणि ठरवताना कोणाला विचारले नाही? हेच प्रश्न आपण आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत, स्वतःच्या हिशेबाबद्दलही विचारू या. तेथे विचारायला जो कचरतो, त्याचा प्रश्न कारखान्याच्या सभेत कोणी ऐकणार नाही.