घरात उपकरणे वीस, राउटर एक : निवड कशी करावी?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरात इंटरनेट येई ते एका टेबलावरील संगणकापुरतेच. त्यासमोर एका वेळी एकच व्यक्ती बसे आणि काम आटोपले की यंत्र बंद होई. आज तालुक्याच्या गावातील साध्या नोकरदाराच्या घरातही चित्र निराळे आहे. चौघांचे चार-पाच मोबाइल, एक-दोन लॅपटॉप, भिंतीवरील दूरचित्रवाणी संच, दाराशी आणि परसदारी मिळून दोन-तीन कॅमेरे, मुलांचा टॅब, एखादा छपाईयंत्राचा संच आणि मोबाइलवरून चालणारे दिवे-पंखे अशी मोजणी केल्यास संख्या सहज वीसच्या घरात जाते. ही सर्व उपकरणे ज्या एका लहानशा डब्यातून जगाशी बोलतात तो डबा, म्हणजे राउटर, बहुधा जोडणी घेताना फुकट मिळालेला असतो आणि कपाटाच्या मागे कोठेतरी ठेवलेला असतो.

मग सायंकाळी तक्रार सुरू होते. पाठ ऐकणाऱ्या मुलीचे चित्र थांबते, कॅमेरा मध्येच बंद पडतो, ऑनलाइन अर्ज अखेरच्या पानावर अडकतो. घरातील कर्ता पुरुष किंवा गृहिणी कंपनीकडे दूरध्वनी करून अधिक वेगाची, अर्थात अधिक पैशांची योजना घेते. तरीही तक्रार तशीच राहते. कारण अनेकदा दोष बाहेरून येणाऱ्या तारेत नसून घरातल्या घरात असतो. खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी हा भेद ओळखणे अगत्याचे आहे. त्याची चाचणी सोपी आहे. लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजावा, नंतर तोच लॅपटॉप वाय-फायवर दूरच्या खोलीत नेऊन पुन्हा मोजावा. तारेवर पूर्ण वेग मिळत असेल आणि खोलीत मिळत नसेल, तर महाग योजनेवर खर्च करण्यात अर्थ नाही.

एका वेळी एकच वक्ता

वाय-फायचे कार्य समजण्यास ग्रामसभेचे उदाहरण पुरेसे आहे. सभेत एका वेळी एकाच सभासदाने बोलावे, इतरांनी ऐकावे आणि बोलणाऱ्याचे संपले की दुसऱ्याने उठावे, अशी शिस्त असते. वाय-फायमध्येही एका वाहिनीवर एका क्षणी सामान्यतः एकच उपकरण बोलू शकते. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, शांतता असल्यास बोलते, नसल्यास थांबते. ही पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान अंतराने फिरते, म्हणून सर्वजण एकदमच बोलत आहेत असा भास होतो.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सभेचा वेळ बोलणाऱ्यांच्या संख्येपेक्षा सावकाश बोलणाऱ्यामुळे अधिक खर्च होतो. राउटरजवळ असलेला नवा मोबाइल सेकंदाला २०० मेगाबिट या गतीने माहिती घेत असेल, तर ५ मेगाबिट माहितीसाठी त्याला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. दूरच्या खोलीतील जुना मोबाइल ५ मेगाबिटच्या गतीने घेत असेल, तर तेवढ्याच माहितीसाठी त्याला संपूर्ण एक सेकंद लागतो. म्हणजे तो एक मोबाइल चाळीस नव्या मोबाइलांचा वेळ घेतो. घरातील सर्वांचे काम रखडवणारे उपकरण बहुधा असेच कोपऱ्यातले, जुने आणि कोणाच्या लक्षात न येणारे असते. परसदारच्या गोठ्यावर लावलेला स्वस्त कॅमेरा तर अहोरात्र बोलतच असतो.

यावरून पहिला उपाय निघतो आणि त्याला नवा राउटर लागत नाही. जी उपकरणे जागची हलत नाहीत, जसे दूरचित्रवाणी संच, टेबलावरचा संगणक आणि शक्य असल्यास कॅमेऱ्यांचा नोंदणी-संच, ती तारेने जोडावीत. तेवढी बोलणारी मंडळी सभेतून उठून जातात आणि मोबाइलांना जागा मोकळी होते.

दोन पट्टे

घरगुती राउटर मुख्यत्वे दोन लहरीपट्ट्यांत काम करतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त करण्यात आला. तो दूरवर पोहोचतो आणि भिंती बऱ्यापैकी ओलांडतो. मात्र त्याची रुंदी अवघी ८३.५ मेगाहर्ट्झ असल्याने त्यात एकमेकांना न भिडणाऱ्या वाहिन्या तीनच बसतात : १, ६ आणि ११. शेजारच्या चार घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह शेगडी, सर्वांची गर्दी याच पट्ट्यात असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद व मोकळा आहे आणि २०१८ च्या अधिसूचनेनंतर त्याचा मोठा भाग घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त झाला. परंतु तो भिंतीपुढे लवकर थकतो.

म्हणून दोन्ही पट्टे असलेला राउटरच घ्यावा. केवळ २.४ चा राउटर कितीही स्वस्त मिळाला तरी वीस उपकरणांच्या घरी तो उपयोगाचा नाही. तथापि स्वस्त दिवे, कॅमेरे व प्लग यांतील बरेचसे २.४ वरच चालतात, त्यामुळे तो पट्टा बंद करूनही भागत नाही. दोन्ही पट्ट्यांना निरनिराळी नावे देऊन दिवे-कॅमेरे पहिल्यावर आणि मोबाइल-लॅपटॉप दुसऱ्यावर ठेवणे ही व्यवस्था गृहस्थाला स्वतः करता येण्याजोगी आहे.

खोक्यावरील आकडे

दुकानात खोक्यावर १२००, १८००, ३००० असे आकडे ठळक छापलेले असतात. ही दोन्ही पट्ट्यांच्या कमाल सैद्धांतिक गतींची बेरीज होय. १२०० म्हणजे ३०० अधिक ८६७, आणि ३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. एक मोबाइल एका वेळी सामान्यतः एकाच पट्ट्यावर असतो, तेव्हा बेरजेचा आकडा कोणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय २४०२ चा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीवर अवलंबून असतो आणि पुष्कळ मोबाइलांना ती रुंदी झेपत नाही. बाहेर चार काड्या आहेत की सहा यावरही क्षमता ठरत नाही. ‘६४ उपकरणे जोडता येतात’ या वाक्याचा अर्थ तेवढ्यांची नावे हजेरीपटावर राहू शकतात इतकाच. ती सर्व एकाच वेळी काम करतील, असे त्यात कोठेही म्हटलेले नसते.

याउलट जी गोष्ट लहान अक्षरांत छापलेली असते ती पहावी : तारेच्या छिद्रांची क्षमता. स्वस्त राउटरांपैकी काहींची छिद्रे १०० मेगाबिटचीच असतात. अशा राउटरवर ३०० मेगाबिटची योजना घेतली तरी शंभराच्या पुढचे पाणी नळातून येतच नाही. १००० मेगाबिटची, म्हणजे गिगाबिट छिद्रे आहेत याची खात्री करूनच पैसे द्यावेत.

पिढीचा प्रश्न

वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले आणि त्याची गती सेकंदाला २ मेगाबिट होती. २०१८ पासून पिढ्यांना सोपे क्रमांक देण्यात आले. चौथी, पाचवी, सहावी आणि २०२४ पासून प्रमाणित होऊ लागलेली सातवी, असा हा क्रम आहे. पाचवी पिढी केवळ ५ गिगाहर्ट्झसाठी आहे. म्हणजे ‘पाचव्या पिढीचा, दोन पट्ट्यांचा’ असे ज्यावर लिहिलेले असते तो राउटर २.४ वर चौथ्याच पिढीचा असतो.

अधिक उपकरणांच्या घरी सहावी पिढी महत्त्वाची ठरते ती गतीमुळे नव्हे. तिच्यात वाहिनीचे लहान तुकडे पाडून एकाच पाळीत अनेक उपकरणांना थोडे थोडे बोलू देण्याची सोय आहे. २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीचे नऊपर्यंत तुकडे होतात. लहान लहान निरोप पाठवणाऱ्या उपकरणांना याचा विशेष लाभ होतो. मात्र हा लाभ मिळण्यास उपकरणही त्याच पिढीचे असावे लागते. जुना मोबाइल नव्या राउटरपुढेही जुन्याच रीतीने बोलतो. सामान्य घराला आज सहाव्या पिढीचा, गिगाबिट छिद्रांचा राउटर पुरेसा आहे. सातव्या पिढीसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी घरातील किती उपकरणे त्या पिढीची आहेत, हे मोजून पहावे. उत्तर बहुतेक वेळा शून्य किंवा एक येते.

भिंती आणि पत्रे

कोकणातील जांभ्या दगडाची जाड भिंत, देशावरील वाड्याची दगडमातीची भिंत, शहरातील लोखंडी सळ्यांचा स्लॅब, यांपैकी प्रत्येक जण लहरींना अडवतो. पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी कपाट तर त्या परतवूनच लावतात. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर आणि छातीएवढ्या उंचीच्या वर असावा.

तरीही दुसऱ्या मजल्यावर किंवा मागच्या खोलीत लहरी पोहोचत नसतील, तर अधिक महाग राउटर घेऊन प्रश्न सुटत नाही, दुसरे केंद्र लागते. बाजारात मिळणारे साधे ‘विस्तारक’ ऐकलेले तेच पुन्हा त्याच वाहिनीवर सांगतात, त्यामुळे सभेचा वेळ दुप्पट जातो आणि गती सुमारे निम्मी होते. दोन-तीन केंद्रांचा जोडसंच यापेक्षा चांगला, आणि त्या केंद्रांना एकमेकांशी तारेने जोडले तर सर्वांत उत्तम. साधी तांब्याची जाळ्याची तार १०० मीटरपर्यंत गिगाबिट गती नेते. दोन स्वतंत्र इमारतींमध्ये मात्र तांब्याऐवजी फायबर टाकावी. पावसाळ्याच्या तोंडावरील विजांनी दोन्हीकडची यंत्रे जळण्याचा धोका त्यामुळे टळतो.

शाळा आणि पंचायत कार्यालय

राष्ट्रीय फायबर जाळ्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रत्येक ग्रामपंचायतीस १०० मेगाबिटची जोडणी हे तिचे मूळ उद्दिष्ट होते. समजा एवढी जोडणी शाळेस पूर्णपणे मिळाली आणि वर्गातील ३० टॅबवर एकाच वेळी उच्च दर्जाची चित्रफीत लावली. प्रत्येकास सुमारे ५ मेगाबिट धरल्यास १५० मेगाबिट लागतील, म्हणजे राउटर कोणताही असो, पाठ अडखळणारच. तीच चित्रफीत साध्या दर्जात, साधारण १ मेगाबिटवर पाहिली तर ३० मेगाबिटमध्ये वर्ग सुरळीत चालतो. आदल्या दिवशी ती उतरवून ठेवून मोठ्या पडद्यावर दाखवली, तर तेवढेही लागत नाही. शिक्षकाने हा हिशेब खरेदीच्या प्रस्तावापूर्वी मांडावा. तीस टॅबच्या वर्गाला घरगुती राउटर घेऊ नये, छतावर बसवायचे कार्यालयीन केंद्र घ्यावे. किंमत जास्त पडते, पण दरवर्षी डबा बदलण्यापेक्षा ते परवडते.

पंचायत कार्यालयात आणखी एक दक्षता हवी. दाखल्यांचे काम करणारा संगणक आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल एकाच जाळ्यात असू नयेत. बहुतेक राउटरांत ‘पाहुण्यांचे जाळे’ ही सोय असते. नागरिकांना तेवढेच द्यावे. घरीसुद्धा कॅमेरे आणि दिवे याच वेगळ्या जाळ्यावर ठेवणे हिताचे आहे, कारण स्वस्त उपकरणांच्या सुरक्षेची दुरुस्ती त्यांचे उत्पादक क्वचितच करतात. राउटर घेताना २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा-पद्धती त्यात आहे का आणि कंपनी किती वर्षे दुरुस्त्या पुरवणार, हे विचारावे.

विजेचा विचार शेवटी राहून जातो. भारनियमनात मोबाइल चालू राहतो, राउटर मात्र बंद पडतो. राउटरला लागणारी वीज अल्प असते, त्यामुळे १२ व्होल्टचा लहान बॅटरी-संच त्यास काही तास पुरतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्या संचावर जोडावे लागतात. एकच जोडला तर दिवा लागलेला दिसतो, पण इंटरनेट येत नाही. बसवणारा तंत्रज्ञ निघून जाण्यापूर्वी त्याने ठेवलेला व्यवस्थापनाचा मूळ संकेतशब्द बदलून घ्यावा आणि नवा संकेतशब्द डब्याच्या पाठीवर न लिहिता घरच्या वहीत लिहून ठेवावा.