मेंदूचे बाह्य उत्तेजन : एकच मात्रा, भिन्न प्रतिसाद

कवटी न उघडता, बाहेरून चुंबकीय स्पंद किंवा सौम्य विद्युत्प्रवाह देऊन मेंदूचे कार्य बदलणाऱ्या चिकित्सेविषयी रुग्ण वैद्याकडेही विचारणा करतात. ‘याने गुण येतो का?’ हा रुग्णाचा प्रश्न असतो. ‘कोणाला, केव्हा व कोणत्या अवस्थेत येतो?’ हा वैद्याचा प्रश्न असावयास हवा. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करीत आहोत.

पद्धतींचा परिचय

इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद देऊन हाताचे स्नायू हलवून दाखविले. हीच टीएमएस पद्धती होय. जर्मनीतील नित्शे व पाउलुस यांनी २००० मध्ये दाखविले की, सुमारे १ मिलिअँपिअर एकदिश प्रवाहाने मेंदूच्या प्रेरक क्षेत्राची उत्तेजनक्षमता धन अग्राखाली वाढते व ऋण अग्राखाली घटते. ही टीडीसीएस पद्धती. २००५ मध्ये लंडन येथे स्पंदांचे झुबके देण्याची ‘थीटा बर्स्ट’ पद्धती मांडली गेली. झुबके थांबून थांबून दिल्यास उत्तेजनक्षमता वाढते, सलग दिल्यास घटते, असे तेव्हा आढळले. हे परिणाम हाताच्या लहान स्नायूत उमटणाऱ्या विद्युत्प्रतिसादावरून मोजले जातात.

सरासरीमागील व्यक्ती

२०१३ मध्ये हमादा व सहकाऱ्यांनी ५६ व्यक्तींवर थीटा बर्स्टचे परीक्षण केले. समूहाचा एकत्रित विचार करता अपेक्षित परिणाम दिसला नाही, कारण काहींत वाढ, तर काहींत घट झाली होती. यातील सुमारे निम्मी भिन्नता एका गोष्टीवरून सांगता आली : त्या व्यक्तीच्या मेंदूत स्पंदाने कोणते चेतापेशीसमूह चेतविले जातात. २०१४ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी ५६ निरोगी व्यक्तींना तीन निरनिराळ्या पद्धतींनी उत्तेजन दिले. अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ३९, ४५ व ४३ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमीच भरले.

कारणमीमांसा

१. शरीररचना : कवटीची जाडी, मेंदूभोवतीचा द्रव व मेंदूच्या वळ्या यांमुळे समान मात्रा देऊनही आत पोहोचणारे विद्युत्क्षेत्र समान नसते.

२. काल : चेतेचे व मेंदूचे उत्तेजन जोडून देण्याची एक पद्धती सकाळपेक्षा दुपारी अधिक परिणामकारक असल्याचे २००७ मध्ये आढळले.

३. पूर्वस्थिती : उत्तेजनापूर्वी स्नायूंनी केलेल्या कार्यानुसार परिणामाची दिशाही पालटू शकते.

४. मात्रा : ऋण अग्राखाली १ मिलिअँपिअरने घटणारी उत्तेजनक्षमता २ मिलिअँपिअरने २० मिनिटांनंतर वाढल्याचे २०१३ च्या अभ्यासात दिसले. मात्रा वाढविल्याने तोच गुण वाढतो असे नाही.

५. औषधे : २००२ च्या अभ्यासात कार्बामाझेपिनमुळे धन अग्राचा परिणाम नाहीसा झाला, तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनमुळे दोन्ही अग्रांचे उत्तरपरिणाम नाहीसे झाले. यातील पहिले अपस्मारावरील औषध आहे. दुसरे खोकल्याच्या अनेक पातळ औषधांत असते, हे औषधविक्रेत्या बंधूंनी विशेष ध्यानात घ्यावे.

याशिवाय वय व आनुवंशिक भेद यांचाही विचार झाला आहे. परंतु जनुकांविषयीचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

आयुर्वेदीय विचार

हे वाचून ‘प्रकृतिभेद सिद्ध झाला’ असे म्हणण्याचा मोह आपणांस होईल. तो आवरावा, असे आमचे मत आहे. उपरोक्त अभ्यासांत कोणाचीही वात-पित्त-कफ प्रकृती तपासलेली नव्हती. शिवाय प्रकृती आजन्म स्थिर मानली जाते. येथे मात्र त्याच व्यक्तीचा प्रतिसाद वेळ, श्रम व औषध यांनुसार बदलतो. म्हणून एका चाचणीवरून कोणास ‘प्रतिसाद न देणारा’ ठरविणे योग्य नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील दशविध परीक्षेत प्रकृतीसमवेत विकृती, सात्म्य, व्यायामशक्ती, वय आदी भाव आहेत. या परीक्षेचा बोध एवढाच घ्यावा की, एका लक्षणावरून मनुष्य ओळखता येत नाही.

व्यवहारात काय करावे?

वरील अभ्यास प्रेरक क्षेत्राचे आहेत. त्यावरून रोगचिकित्सेचे यशापयश थेट ठरत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये औषधाने न शमलेल्या नैराश्यासाठी टीएमएस यंत्रास मान्यता दिली, ती रुग्णांवरील स्वतंत्र अभ्यासांच्या आधारे. म्हणून अशा रुग्णास परावृत्त करू नये आणि हमखास गुणाचे आश्वासनही देऊ नये. अपस्माराचा पूर्वेतिहास, डोक्यातील धातू, कॉक्लियर इम्प्लांट व पेसमेकर यांविषयी अवश्य विचारावे व मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. चिठ्ठीत चालू असलेली सर्व औषधे, आपली व दुकानातून परस्पर घेतलेलीही, लिहून द्यावीत. उत्तेजनाचा परिणाम वाढावा म्हणून अपस्माराचे औषध रुग्णाने स्वतः थांबविल्यास झटका येण्याचा धोका आहे, हे त्याला व नातेवाइकांना स्पष्ट सांगावे. घरी वापरावयाच्या विद्युत्यंत्रांची शिफारस औषधाच्या दुकानातून करू नये. कारण तेथे मात्रा, अग्रांची जागा व रुग्णाची अवस्था पाहणारा कोणी नसतो, आणि याच तीन गोष्टींवर परिणाम अवलंबून असतो.