मारिओची उडी : एका घरगुती खेळाचा विचार

व्हिडिओ गेमवरचा अभ्यासलेख महाविद्यालयाच्या वार्षिकात यावा, हे काहींना रुचणार नाही. परंतु नाटक, तमाशा, सिनेमा यांचा विचार आपण वर्गात करतोच. सोंगट्या आणि पत्ते यांवरही अभ्यासकांनी लिहिले आहे. मग ज्या खेळाने गिरगाव-लालबागच्या चाळींतील एका पिढीच्या मे महिन्याच्या सुट्ट्या व्यापल्या, तो वगळण्याचे कारण मला दिसत नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा तो खेळ. घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून खेळावा असा खेळ, अशी त्याची ख्याती आहे. ती कितपत खरी, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

क्योटोची निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली निघाली ती पत्ते तयार करण्यासाठी. याच कंपनीने १९८३ मध्ये टीव्हीला जोडायचे एक यंत्र काढले आणि त्याचे नावच ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ठेवले. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला मारिओ १३ सप्टेंबर १९८५ रोजी त्यावर अवतरला. आपल्या चाळींत १९९० नंतर जी यंत्रे आली ती बहुतेक या यंत्राच्या नकला होत्या. लॅमिंग्टन रोडवर त्या मिळत. सोबतच्या कॅसेटवर हजारो खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात पाचपंचवीस खेळच फिरून फिरून येत, आणि त्यांत मारिओ असेच. लालबागला माझ्या आजोळी, दहा बाय बाराच्या खोलीत, असेच एक यंत्र होते. मामा आणि आई तेव्हा शाळेत होते. पुढील विवेचनातील बराचसा भाग मी आईकडून ऐकला आहे. उरलेला स्वतः खेळून पडताळला आहे.

या खेळाचे सारे आकर्षण उडीत आहे. बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी उडी उंच जाते. धावत येऊन मारली तर लांब पडते. हवेत असतानाही तिला थोडे वळवता येते. लगोरी किंवा विटीदांडू खेळलेल्या माणसाला हाताचा हा अंदाज काय असतो ते वेगळे सांगायला नको. शिवाय शिकवणारा कोणी नाही. पहिल्याच पडद्यावर मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे सगळी मोकळी जागा, म्हणजे जायचे कुठे हे न सांगता कळते. पुढे एका ठोकळ्यातून अळंबी निघते, उजवीकडे घरंगळत जाते, नळावर आपटून परत आपल्याच अंगावर येते. नवखा घाबरून उडी मारू लागला, तर डोक्यावरच्या विटा त्याला फार वर जाऊ देत नाहीत. अळंबी लागतेच, आणि मारिओ मोठा होतो. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे, हे मियामोतो यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. चांगला पाठ कसा रचावा याचा हा नमुना बी.एड.च्या वर्गात दाखवावा, असे मला गंमतीने वाटते.

सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आजच्या मोबाइलवरचा एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा अडवतो. त्यामुळे रचनाकारांना काटकसर करावी लागली : आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच आहे, फक्त रंग निराळा. आजोळचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. ढग खाली उतरून बसले आहेत, असे आईला तेव्हाच वाटे.

आता चिडचिडीकडे वळू. सापशिडीतही माणूस पडतो. तिचे मूळ असलेला मोक्षपट आपली परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. पण तिथे पाडणारी कवडी किंवा फासा असतो, आणि नशिबाला बोल लावून मोकळे होता येते. मारिओच्या खड्ड्यात पडणाऱ्याला ही सोय नाही. खड्डा कालही तिथेच होता. ही चिडचिड मी न्याय्य मानते, कारण दहाव्या वेळी तोच खड्डा ओलांडल्याचा आनंद तिच्यातूनच येतो.

काही ठिकाणी मात्र खेळ प्रामाणिक राहत नाही. पडदा पुढे सरकला की मागे येता येत नाही, हे समजून घेता येईल. परंतु चौथ्या आणि सातव्या ‘वर्ल्ड’च्या किल्ल्यांत वाट चुकली, तर तोच बोळ पुन्हा पुन्हा समोर येतो आणि चूक कोठे झाली याची काहीही खूण मिळत नाही. वेळ मात्र संपत राहतो. तोही घड्याळाचा नव्हे, कारण तिथले ४०० आकडे पावणेतीन मिनिटांच्या आतच सरतात. एरवी मेल्यावर मध्यापासून सुरुवात करता येते; आठव्या ‘वर्ल्ड’मध्ये तीही सवलत काढून घेतली आहे. हरल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए बटण धरून स्टार्ट दाबले, तर हरलेल्या ‘वर्ल्ड’पासून खेळता येते; पण खेळात हे कुठेच सांगितलेले नाही.

तथापि ‘घरगुती’ या विशेषणाची खरी परीक्षा दोघांच्या खेळात होते. दोन रिमोट असले तरी दोघे एका वेळी खेळत नाहीत. एकाचा जीव गेला की दुसऱ्याची पाळी. साहजिकच ज्याला चांगले येते तो पंधरा मिनिटे खेळतो, आणि ज्याला येत नाही त्याचा डाव अर्ध्या मिनिटात आटोपतो. सराव मिळतो तो ज्याला आधीच येते त्यालाच. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर ही पद्धत दुकानदाराच्या सोयीची होती; तीन जीवांचा हिशेब तिथूनच आला. घरात नाणे नव्हते, हिशेब मात्र राहिला. पुढे २००९ मध्ये वी या यंत्रावरच्या मारिओत चौघांना एकाच वेळी खेळता येऊ लागले, तेव्हा खेळाडू एकमेकांना धक्के देऊन खड्ड्यात पाडू लागले. अन्याय कमी झाला, भांडणे वाढली!

लालबागच्या खोलीत मामा खेळे आणि आई बघे. पडद्यावरची राजकन्याही आठव्या किल्ल्यापर्यंत वाटच बघत असते, हा योगायोग आईने मला हसत सांगितला. मला तितके हसू आले नाही. परंतु बघणाऱ्याला जे दिसते ते खेळणाऱ्याला दिसत नाही. कोणत्या कोऱ्या जागेत ठोकळा दडला आहे, भुयाराच्या छतावरून धावत गेले तर पुढच्या ‘वर्ल्ड’चे नळ कसे सापडतात, हे आईला पाठ होते. किल्ल्यातल्या चक्रव्यूहाचा उलगडाही तिनेच केला. प्रत्येक फेरीत मामा वरून गेला की खालून, हे ती भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर बाणांनी टिपत असे. मामाला बोळात तिची गरज लागू लागली, तसा तिने भाव वाढवला : एक वाट सांगेन, एक स्टेज मी खेळेन. स्टार्ट दाबून खेळ थांबवायचा आणि रिमोट हाती द्यायचा. आजीने या कराराला मान्यता दिली, एकच अट घालून : साडेसातच्या मराठी बातम्यांच्या आत टीव्ही मोकळा झाला पाहिजे.

करारानंतर मामाची तक्रार अशी की, त्याने जपून आणलेला जीव आई पहिल्याच खड्ड्यात घालवते. आई म्हणते, पहिले आठ दिवस तसे झाले खरे.